उचलायचे कोणी?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी मुलुंडमधील 96 सदनिकांच्या एका गृहनिर्माण सोसायटीचा मानद सचिव आहे. बँकेतून निवृत्त झालो, वय 64. आमच्याकडे 11 घरांत कुत्री आहेत. पार्किंगमध्ये, झोपाळ्याजवळच्या मातीत आणि फाटकाबाहेरच्या फुटपाथवर रोज त्यांची घाण पडलेली असते. गेल्या महिन्यात माझ्या पाच वर्षांच्या नातवाचा पाय त्यात भरला आणि तो तसाच घरभर फिरला. त्या दिवसापासून घरात आणि समितीतही वातावरण तापले आहे. समितीने तीन ठराव मांडायचे ठरवले आहे : सोसायटीत कुत्री पाळण्यास बंदी, घाण केल्यास 1,000 रुपये दंड, आणि सीसीटीव्हीतील चित्रे व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे.

आमच्या शेजारच्या वहिनींकडे ब्रुनो नावाचा लॅब्राडोर आहे. भाऊ गेले, मुलगा परदेशी गेला, आता त्या आणि ब्रुनो दोघेच असतात. आमचा अठरा वर्षांचा घरोबा आहे. मी एकदा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “झाडणाऱ्या बाईला आपण पगार कशाचा देतो? भटकी कुत्री घाण करतात तेव्हा कोणी काही बोलत नाही. आणि मातीत पडले तर खतच होते ना?” तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता सभा आहे. मी काय करावे?

— एक सचिव, मुलुंड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सभेला थोडेच दिवस उरले आहेत, म्हणून आधी तुमच्या तीन ठरावांविषयी लिहिते आणि मग मूळ दुखण्याकडे वळते.

बंदीचा ठराव विषयपत्रिकेवरून काढून टाका. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, बहुमताने ठराव करून किंवा उपविधी बदलूनही सभासदाला कुत्रा पाळण्यास मनाई करता येत नाही, आणि कुत्रा घेऊन लिफ्ट वापरण्यासही अडवता येत नाही. असा ठराव मंजूर झालाच, तर तुमची पुढची दोन वर्षे उपनिबंधकांच्या कार्यालयात आणि वकिलाकडे खेपा घालण्यात जातील, आणि झोपाळ्याजवळची माती आहे तशीच राहील.

दंडाचा मामला थोडा गुंतागुंतीचा आहे. त्याच सूचनांत, कुत्र्याची विष्ठा उचलावी अशी विनंती पालकांना जरूर करावी, पण संस्थेने त्यासाठी वेगळा आकार किंवा दंड लावू नये, असे म्हटले आहे. महापालिकेची गोष्ट निराळी आहे. बृहन्मुंबईच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींनुसार, पाळीव प्राण्याने रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी केलेली घाण तत्काळ उचलणे हे मालकाचेच कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर केल्यास 500 रुपये दंड ठेवलेला आहे. म्हणजे फाटकाबाहेरच्या फुटपाथसाठी कायदा आधीपासून अस्तित्वात आहे, त्याची प्रत सूचनाफलकावर लावण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सोसायटीच्या आतल्या दंडाबाबत मात्र माझी हरकत कायद्यापुरती मर्यादित नाही. ज्याला 1,000 रुपये जड नाहीत तो ते भरेल आणि त्या बदल्यात न उचलण्याची मुभा आपण विकत घेतली, असे समजेल. वहिनी पगाराविषयी जे बोलल्या त्याच्या मुळाशी नेमका हाच विचार आहे, आणि तुमचा दंड तो विचार अधिक पक्का करील.

आणि ती चित्रे. कृपा करून ती गटावर टाकू नका. मी मुंबईच्या उपनगरांत पस्तीस वर्षे पशुवैद्यक म्हणून काम केले आणि अशा चव्हाट्यावर मांडलेल्या चित्रांचा परिणाम पुष्कळ वेळा जवळून पाहिला. माणूस सुधारण्याऐवजी वेळ बदलतो. सकाळी सातला फिरणारा कुत्रा पहाटे साडेचारला बाहेर निघतो, कॅमेऱ्याच्या टप्प्यापलीकडे नेला जातो, किंवा वॉचमनला फाटक उघडायला सांगून नुसताच बाहेर सोडला जातो. मग सोसायटी स्वच्छ दिसू लागते आणि समोरच्या वस्तीतील मुले ज्या फुटपाथवरून शाळेत जातात तो घाण होतो. काही समित्या तर “कुत्री आवाराबाहेर न्यावीत” असा फलकच लावतात. मला तो फलक अजिबात मान्य नाही. आपल्या अंगणातील घाण दुसऱ्याच्या दारात लोटली म्हणून ती दूर झाली असे होत नाही.

आता मूळ दुखणे. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात तुमच्या नातवाचा, समितीचा, वहिनींचा आणि ब्रुनोचाही उल्लेख आहे. परंतु जी व्यक्ती ही घाण रोज प्रत्यक्ष उचलते तिचा उल्लेख एकदाच आला आहे, तोही वहिनींच्या तोंडच्या वाक्यात, आणि नावाशिवाय. हा तुमच्यावर ठपका नाही. माझ्याही डोळ्यांना त्या बाई फार उशिरा दिसल्या.

माझी पहिली कुत्री राणी, साधी गावठी, तांबूस रंगाची. तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि तिला रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीलगत नेत असे. तिथे गवत वाढलेले होते, कोणी येत-जात नसे, त्यामुळे उचलण्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. आणि मी तर प्राण्यांच्या आरोग्याचे शिक्षण घेतलेली होते. एका जुलैत, पाऊस जरा उघडल्यावर मी दूध आणायला खाली उतरले, तर आमच्या इमारतीत झाडायला येणाऱ्या मावशी त्या भिंतीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात बिस्किटांच्या खोक्याचे दोन पुठ्ठे होते. पावसाने विष्ठा पसरून गवतात मुरली होती आणि पुठ्ठा भिजून मऊ पडल्यामुळे ती नीट खरवडली जात नव्हती. तेव्हा त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला, पिशवीतून दुधाची रिकामी पिशवी काढून बोटांवर चढवली आणि हातानेच ते काम केले. मग उठून पदराने कपाळ पुसले आणि मला पाहून म्हणाल्या, “ताई, लवकर उठलात आज.” त्यांच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. ती घाण माझ्या राणीची आहे हे त्यांना नक्की ठाऊक होते. त्या दिवसापासून मी कागदाशिवाय कुत्रा घेऊन जिना उतरले नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, या प्रश्नात अडते कुठे ते आपण नीट ओळखत नाही. कायदा नाही म्हणून अडत नाही आणि वेळ नाही म्हणूनही अडत नाही, कारण उचलायला अर्धे मिनिट लागते. अडते ते किळसेपाशी. आणि किळस येणारे काम आपले नव्हेच, ते करणारी माणसे वेगळी असतात, या आपल्या फार जुन्या समजुतीपाशी. जातीने शिकवलेली ही समजूत शहरातल्या सुशिक्षित घरांतूनही अजून गेलेली नाही. जो गृहस्थ आपल्या कुत्र्याला मांडीवर घेतो, त्याच्या तोंडाला तोंड लावतो, त्यालाच त्याची विष्ठा कागदात धरणे मात्र कमीपणाचे वाटते. आपल्याच महाराष्ट्रात गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावेच्या गावे झाडली. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. अप्पासाहेब तर दुसऱ्यांची घाण उचलायचा हक्क मागत होते. आपल्याला निदान स्वतःच्या घरच्या प्राण्याची उचलायची आहे.

आता वहिनींच्या तीन म्हणण्यांकडे येते, कारण सभेत ती तिन्ही कोणी ना कोणी मांडणारच.

पगाराचा मुद्दा आधी घेऊ. तुमच्याकडे 11 घरांत कुत्री आहेत. निरोगी कुत्रा साधारणपणे दिवसातून दोनदा शौच करतो, म्हणजे घरटी एकच कुत्रा धरला तरी रोज बावीस वेळा. झाडणाऱ्या बाई सकाळी एकदा येतात, उरलेला दिवस ती घाण तशीच पडून राहते, तिच्यावरून स्कूटर जातात, मुले धावतात. घाण पडल्या क्षणी जो हजर असतो तोच ती सहज उचलू शकतो, आणि तो म्हणजे पट्टा धरलेला माणूस. पॅरिस शहराने नेमका वहिनींचाच मार्ग करून पाहिला आहे. तिथे 1982 पासून महापालिकेने कुत्र्यांची विष्ठा शोषून घेणारी यंत्रे बसवलेल्या मोटरसायकली रस्त्यांवर फिरवल्या. खर्च भरमसाट झाला, फुटपाथ काही स्वच्छ झाले नाहीत, आणि 2004 मध्ये ती गाडी बंद करून पालिकेला शेवटी मालकांकडेच वळावे लागले. न्यूयॉर्कने 1978 मध्येच उचलण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा कायदा लागू केला होता. तेव्हा तिथेही श्वानप्रेमींनी मोठा गहजब केला होता, पण कागद घेऊन फिरणे ही हळूहळू त्या शहराची रीत झाली.

भटक्या कुत्र्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही, आणि तो उडवून लावलात तर श्वानपालक आणखी बिथरतील. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण पालिकेने करायचे असते, आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांना खाऊ घालण्याची जागा व वेळ ठरवून देण्यात सोसायटीलाही भाग घ्यावा लागतो. ती जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि जिन्याच्या तोंडापासून लांब ठरवलीत की त्यांचा वावरही तिकडे सरकतो. पण ज्याला मालक नाही त्याच्या घाणीचा दाखला देऊन, ज्याला मालक आहे त्याची घाण तशीच सोडता येत नाही. ब्रुनोचा पट्टा कोणाच्या तरी हातात असतो. प्रश्न फक्त त्या हाताचा आहे.

खताच्या मुद्द्यावर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण त्यात अनेकांची मनापासूनची गल्लत होते. आपण शेणाने अंगण सारवणारी माणसे. जनावराची विष्ठा म्हणजे खत हे समीकरण आपल्या हाडात आहे, आणि गाईबैलांपुरते ते बरोबरही आहे, कारण त्यांच्या पोटात गवत आणि कडबा जातो. कुत्र्याच्या पोटात अंडी, मांस आणि प्रथिनांनी भरलेले तयार खाद्य जाते. त्याच्या विष्ठेने हिरवळ पिवळी पडते, आणि ती सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकली तर त्यातून निघणारे खत भाजीच्या कुंडीत घालण्याजोगे राहत नाही. याहून गंभीर आहे तो जंतांचा प्रश्न. कुत्र्यांच्या आतड्यात राहणाऱ्या गोल जंताची एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. विष्ठा ताजी असताना ही अंडी माणसाला बाधत नाहीत. ती मातीत पिकून बाधक व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मात्र एकदा पिकली की विष्ठा पावसाने धुऊन जाऊन जागा स्वच्छ दिसू लागली तरी ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मुले त्या मातीत खेळतात, तेच बोट तोंडात जाते, आणि पोटात गेलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यातही पोहोचतात. डोळ्यात पोहोचल्या तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. अंकुशकृमी (हूकवर्म) या दुसऱ्या जंताची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या अळ्या ओल्या मातीत आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरतात, मग कातडीवर लाल, नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ उमटते. झोपाळ्याखाली चप्पल काढून धावणारी मुले तुम्हीही पाहिली असतील.

या माहितीत काळजीबरोबर मोठा दिलासाही आहे, आणि सभेत नेमका तोच सांगा. विष्ठा त्याच दिवशी, शक्यतो त्याच क्षणी उचलली, तर ही साखळी सुरू होण्याआधीच तुटते. तुमच्या नातवाचा पाय ताज्या घाणीत भरला असेल आणि त्याच दिवशी साबणाने स्वच्छ धुतला असेल, तर त्यासाठी घाबरून जाण्याचे कारण नाही. चिंता करायची ती महिनोन्‌महिने घाण मुरत आलेल्या झोपाळ्याजवळच्या मातीची. पावसाळ्याआधी तिथली वरची वीतभर माती काढून नवी भरून घ्या, मुलांना तिथे चपला घालूनच खेळू द्या, आणि घरी आल्यावर हात धुण्याची सवय लावा. श्वानपालकांना आणखी एक सांगण्यासारखे आहे. पिल्लांचा जीव घेणाऱ्या पार्व्हो रोगाचे विषाणूही विष्ठेतूनच पसरतात आणि मातीत अनेक महिने जिवंत राहतात. आपल्या कुत्र्याची घाण तशीच पडू दिली तर उद्या कोणाच्या तरी घरी आलेले नवे पिल्लू त्याची किंमत मोजते. माझ्या दवाखान्यात मी अशी पिल्ले हातात घेतली आहेत, त्यांच्या मालकांना समजावणे हा माझ्या कामातील सर्वांत अवघड भाग होता.

आता प्रत्यक्ष करायचे काय ते सांगते. राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि खरे तर या कामासाठी पिशवी लागतही नाही. जुने वर्तमानपत्र पुरते. कुत्रा जागा हुंगत गोल फिरू लागला आणि पाठीची कमान करून बसू लागला की, अर्ध्यात दुमडलेला कागद मागून हलकेच खाली सरकवावा. पहिल्या दोन-चार वेळा तो दचकेल, पुढे सवय होते आणि विष्ठेचा जमिनीला स्पर्शही होत नाही. कागदाची चारी टोके जुळवून घरी न्यावे, विष्ठा शौचकूपात टाकून पाणी सोडावे, आणि मळलेला कागद दुसऱ्या स्वच्छ कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून, सॅनिटरी कचऱ्याबरोबर वेगळा द्यावा. लाल खूण विसरू नये, कारण तो पुडका पुढे कोणीतरी हाताने उघडणार असतो. कुत्र्याने पार्किंगच्या खांबावर किंवा कोणाच्या चाकावर लघवी केली, तर बरोबरच्या बाटलीतील पाणी तिथे ओतावे.

तुमच्या आवारात जागा असेल तर पाण्याच्या टाकीपासून आणि खेळण्याच्या जागेपासून लांब, एका कोपऱ्यात विटांची कड करून वाळूचा लहान हौद करा. सहा फूट लांबी-रुंदी पुरेशी होते. प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांतही असा पर्याय सुचवलेला आहे. मात्र हौद केला म्हणजे कुत्री आपणहून तिथे जातील असे समजू नका, आणि हौद म्हणजे न उचलण्याचा परवानाही समजू नका. कुत्रा वासाने जागा ओळखतो. त्याच्याच लघवीने भिजलेला कागदाचा तुकडा सुरुवातीचे काही दिवस वाळूत ठेवावा, खाणे झाल्यावर साधारण अर्ध्या तासाने त्याला थेट तिथेच न्यावे, आणि काम झाल्याबरोबर, त्याच क्षणी, शाबासकी आणि खाऊ द्यावा. घरी पोहोचल्यावर दिलेला खाऊ कशासाठी होता हे त्याला कळत नाही. चुकीच्या जागी केले म्हणून मारू किंवा ओरडू नये. त्याने तो एवढेच शिकतो की मालकासमोर शौच करायचे नाही, आणि मग गाडीखाली किंवा जिन्यात जाऊन बसतो.

बऱ्याच घरांत कुत्रा फिरवायला एखादा मुलगा ठेवलेला असतो, किंवा वॉचमनच्या हाती पट्टा दिला जातो. अशा वेळी “आमचा माणूस उचलत नाही” हे उत्तर चालू देऊ नका. कागद देणे, उचलायला सांगणे, त्या कामाचा मोबदला ठरवणे आणि अधूनमधून स्वतः बरोबर जाणे, हे सारे मालकाचेच काम आहे. महापालिकेचा दरवर्षी नूतनीकरण करायचा परवाना, रेबीजची वार्षिक लस, दर तीन महिन्यांनी जंतनाशक, आणि आवारात पट्टा हातात ठेवणे, या गोष्टींची नोंद अकराही घरांनी एका वहीत ठेवावी आणि ती वही श्वानपालकांपैकीच एकाने सांभाळावी. जंतनाशकाकडे लोकांचे हमखास दुर्लक्ष होते, म्हणून सगळ्यांनी एकच दिवस ठरवून घेतला तर सोपे जाते. पावसाळ्यापूर्वी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस झाली आहे ना हेही पाहावे, कारण मुंबईच्या तुंबणाऱ्या पाण्यात हा रोग मुख्यतः उंदरांमुळे पसरत असला तरी बाधित कुत्र्याच्या लघवीतूनही तो माणसापर्यंत येऊ शकतो. पट्ट्याच्या बाबतीत कोणी अगदीच ऐकत नसेल, तर प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा असून, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, हे शांतपणे सांगावे. तेवढे पुरते.

वहिनींविषयी मला तुमच्यापेक्षा वेगळी शंका येते. त्यांचे वय साठीच्या पुढे असावे. लॅब्राडोर तीस किलोचा असतो आणि खाली काही वास आला की हिसका देतो. एका हाताने त्याला आवरायचे, दुसऱ्या हातात कागद, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वाकायचे, हे त्यांना जमत नसेल का? जमत नाही असे म्हणण्यापेक्षा “पगार कशाचा देतो” असे म्हणणे माणसाला सोपे जाते, विशेषतः घरात दुसरे कोणी उरलेले नसताना. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी आजी-आजोबांचे नेमके हेच होते, आणि त्यांच्या आवाजातील ताठरपणाखाली, हा कुत्रा आपल्याकडून काढून घेतील की काय, ही धास्ती असे.

म्हणून सभेआधी त्यांच्या घरी जा. सचिव म्हणून जाऊ नका, तुमच्या पत्नीलाही बरोबर घ्या, आणि पत्रात तुम्ही लिहिलेली ती अठरा वर्षे मनात ठेवून जा. ब्रुनोच्या पाठीवर हात फिरवा. मग म्हणा, “वहिनी, त्या दिवशी मी तोडून बोललो, ते माझे चुकले. ब्रुनोला कोणी इथून हलवणार नाही, बंदीचा ठराव मी काढून टाकला आहे. पण खाली मुले खेळतात, आणि उचलायचे तर आपल्यालाच आहे. तुम्हाला वाकायला त्रास होतो का? आपण काहीतरी सोय करू.” एवढे बोलून थांबा, त्यांना बोलू द्या. लांब दांड्याचे सूप आणि खराटा, वाकावे न लागणारे, बाजारात सहज मिळते. सकाळची एक फेरी दुसऱ्या श्वानपालकाने आणि संध्याकाळची त्यांनी, अशी वाटणीही अकरा घरांत होऊ शकते. त्या ऐकतीलच याची हमी मी देऊ शकत नाही. पहिल्या भेटीत कदाचित चहाही मिळणार नाही. तरी आठवड्याने पुन्हा जा.

तीन ठरावांच्या जागी एकच ठराव ठेवा, आणि तो श्वानपालकांपैकीच कोणाला तरी मांडायला सांगा. समितीने मांडला तर तो हुकूम वाटेल. त्यात एवढेच असावे : कुत्र्याची विष्ठा त्याच्या घरच्यांनी त्याच क्षणी उचलावी, कागद संपला असेल तर लागावा म्हणून फाटकापाशी जुन्या वर्तमानपत्रांची पेटी ठेवावी, वाळूचा हौद करावा, आणि सफाई कर्मचाऱ्यांनी कुत्र्यांची विष्ठा उचलू नये, तसे त्यांना कोणी सांगूही नये. शेवटचा भाग कोणी वगळायला सांगितला तर मान्य करू नका, कारण तो असल्याशिवाय बाकीचे सगळे आठवड्याभरात त्या बाईंच्याच माथी येऊन पडेल.

आणि एक विनंती. ठरावावर चर्चा सुरू होण्यापूर्वी झाडणाऱ्या बाईंना बोलू द्यावे. रोज सकाळी किती ठिकाणी, काय आणि कशाने उचलावे लागते, हे सभेत दुसऱ्या कोणालाच सांगता येणार नाही. त्यांना आधी एकटीला भेटून, बोलायची इच्छा आहे का ते विचारा, नको म्हणाल्या तर आग्रह करू नका. हो म्हणाल्या तर सभेची वेळ बदला. रविवारी सकाळी दहा वाजता त्या तुमच्याच आवारात झाडत असतील.